यंत्रं नसताना एक्सरसाईज फिजिऑलॉजी शिकवायचं कसं? आणि पीएचडीला यंत्रमाग कामगार घ्यावेत का?

तासिकावाली

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी सोलापुरात एका शारीरिक शिक्षण महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. बी.पी.एड. आणि एम.पी.एड. दोन्हीकडं एक्सरसाईज फिजिऑलॉजी, म्हणजे व्यायाम करताना शरीर कसं चालतं तो विषय, माझ्याकडं आहे. सीनियर मंडळींना हा विषय नको असतो, म्हणून तो नव्या माणसाच्या गळ्यात. मला तो मनापासून आवडतो ही गोष्ट वेगळी. अडचण अशी की प्रात्यक्षिकाला हाताशी काही नाही. ट्रेडमिल आहे, पट्टा फाटलाय. पकड मोजायचा डायनॅमोमीटर आहे, त्याचा काटा बावीसवर अडकलाय. मी दाबला तरी बावीस, आमच्या तालमीतल्या पैलवानानं दाबला तरी बावीस. डेडस्टॉक रजिस्टरला दोन्ही वस्तू 'चालू स्थितीत' आहेत. गॅस ॲनालायझर, लॅक्टेट मीटर वगैरे फक्त पुस्तकातल्या चित्रात. मग मी फळ्यावर व्हीओटू मॅक्सचा (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) आलेख काढते, पोरं वहीत उतरवतात आणि परीक्षेत 'टीपा लिहा'मध्ये तो मला परत देतात. यातली निम्मी पोरं पोलिस भरतीच्या तयारीतली, पहाटे सोळाशे मीटर मारून वर्गात आलेली. "मॅडम, हे शिकून सोळाशेचा टाइम कमी होतो का?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे.

दुसरा विषय पीएचडीचा. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) झालीय, आता विषय आरआरसीपुढं, म्हणजे विद्यापीठाच्या विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढं न्यायचाय. मार्गदर्शक सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांनी सुचवलेला विषय म्हणजे 'बारा आठवड्यांच्या योगाभ्यासाचा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीपटूंच्या निवडक शरीरक्रियात्मक घटकांवर होणारा परिणाम'. या साच्यातले प्रबंध ग्रंथालयात कपाटभर आहेत. कबड्डीच्या जागी खो-खो, बाराच्या जागी आठ आठवडे, झाला नवा प्रबंध.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. वडील पूर्वभागात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. पाळीभर उभे, धागा तुटला की या मागाकडून त्या मागाकडं. एप्रिल-मेमध्येसुद्धा शेडला पंखा नसतो, म्हणतात सूत उडतं. घरी आले की भिंतीला पाय लावून पडतात. आई विड्या वळते, म्हणजे सूप मांडीवर घेऊन सकाळपासून एका जागी. एकाच घरात दोन टोकं. यांच्या शरीरावर रोज काय बेततं हे मोजता येईल का, तेही माझ्याकडं आहे तेवढ्या साधनांत? आणि हा विषय शारीरिक शिक्षणात बसतो का? 'हे समाजशास्त्रवाल्यांकडं न्या' असं एका सरांनी आधीच सुनावलंय.

जाणकारांनी सांगावं. झोडपलंत तरी चालेल.

मागवाले अण्णा

ताई, आमचे माग होते, आता भाड्यानं दिलेत. पंख्याचं कारण नुसतं सूत उडणं नाही. हवा कोरडी पडली की ताण्याचे (उभे) धागे तटातट तुटतात. म्हणून उन्हाळ्यात आम्ही फरशीवर पाणी मारायचो, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायचो. मोजणार असाल तर हे लिहून ठेवा. दुसरं म्हणजे चालू पाळीत कामगाराला थांबवू नका. मजुरी मालावर असते. माग थांबला की नुकसान मालकाचंही होतं, पण त्याला झेपतं.

जुनाट मास्तर

मॅडम, ट्रेडमिलचा पट्टा फाटला हे बरं झालं. चालू असती तर वर्षातून एकदा तपासणी समितीपुढं तिच्यावर एखादं पोरगं चालवून दाखवलं असतं आणि परत प्लॅस्टिक झाकलं असतं. माझी सगळी नोकरी याच विषयात आणि याच जिल्ह्यात गेली, त्यामुळं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

हा विषय मुळात पैसेवाल्यांचा नाही. ए. व्ही. हिल १९२३च्या आसपास मँचेस्टरला पाठीवर श्वास साठवायची पिशवी बांधून गवतावर स्वतः गोल गोल पळत होता. नोबेल मिळालेला माणूस. पळण्याचा वेग वाढत गेला तरी एका टप्प्यानंतर ऑक्सिजनचा वापर वाढत नाही, ही तुमच्या फळ्यावरच्या आलेखाची आडवी रेघ तिथून आली. हार्वर्डची थकव्यावरची नामांकित प्रयोगशाळा १९२७ ते १९४७ अशी वीस वर्षं चालली, ती व्यवसाय व्यवस्थापनाच्या शाळेच्या तळघरात. तिथल्या ब्रूहानं १९४३ साली काय शोधलं? एक लाकडी बाक आणि एक घड्याळ. त्यालाच आपण हार्वर्ड स्टेप टेस्ट म्हणतो.

पण ती टेस्ट तुमच्या वर्गाला घेऊ नका. वीस इंचाचं बाक धडधाकट पुरुषांसाठी होतं, आपल्या पाच फुटी मुलीचा गुडघा त्यावर कंबरेला येतो. क्वीन्स कॉलेजची घ्या. बाक ४१.३ सेंटिमीटर, वेळ तीन मिनिटं, मुलांना मिनिटाला २४ वेळा चढ-उतर, मुलींना २२. एका चढ-उतरीला चार पावलं, म्हणजे मोबाइलमधला मेट्रोनोम मुलांना ९६ वर आणि मुलींना ८८ वर लावायचा. ही आडनिडी उंची कुठून आली, तर तिथल्या व्यायामशाळेत प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्याच तेवढ्या उंच होत्या. तुम्ही पोरांना टेप देऊन पार्क स्टेडियमच्या पायऱ्या मोजायला पाठवा, पहिलं प्रात्यक्षिक तेच. नाही जुळल्या तर सुतार गाठा. सुतार म्हणेल एक्केचाळीस करतो, तीन मिलिमीटरनं काय होतंय? तुम्ही अडून बसा. मोजमापाची शिस्त त्या तीन मिलिमीटरपासून सुरू होते.

आता खरी गंमत. तीन मिनिटं झाली की पोरगं उभंच राहतं. पाच सेकंद सोडायचे आणि पुढचे पंधरा सेकंद नाडी मोजायची. समजा ठोके आले ३८. चारनं गुणले, १५२. मुलांचं सूत्र आहे १११.३३ वजा ०.४२ गुणिले नाडी. उत्तर ४७.५, म्हणजे किलोमागे मिनिटाला ४७.५ मिलिलिटर ऑक्सिजन. शेजारच्या पोरानं त्याच मनगटावर ३७ मोजले तर? नाडी १४८, उत्तर ४९.२. ठोका एकाचा चुकला आणि क्षमता पावणेदोननं वाढली, तीही कुठलाही व्यायाम न करता! हे फळ्यावर सांगू नका. एकाच पोराच्या दोन्ही मनगटांवर दोघांना मोजायला लावा आणि भांडू द्या. वर्गात त्या दिवशी जे डोक्यात जातं ते पुस्तकानं जात नाही.

आता कपाटातले ते प्रबंध काढून बघा. बारा आठवड्यांनी व्हीओटू मॅक्स दोन मिलिलिटरनं वाढली, टी-मूल्य सार्थ (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही), म्हणून परिकल्पनेचा स्वीकार. नियंत्रित गट पुष्कळदा नसतोच. दुसऱ्या वेळी पोरांना बाकाची सवय झालेली असते, भीती गेलेली असते, पहिली चाचणी परीक्षेच्या आठवड्यात झालेली असते. त्यातला योगाचा वाटा किती, हे खुद्द संशोधकालाही सांगता येत नाही. योगाला माझा विरोध नाही हो. स्वामी कुवलयानंद लोणावळ्यात १९२४ पासून क्रियांवर क्ष-किरण आणि दाबाची मोजमापं करत होते, आधी मोजू मग बोलू या वृत्तीनं. ती वृत्ती मागं राहिली आणि मथळा तेवढा पुढं आला.

म्हणून विषय कुठलाही घ्या, पण पहिलं प्रकरण स्वतःच्या चुकीचं करा. वीस-पंचवीस पोरं, तीच वेळ, तेच बाक, मोजणारा तोच. दोन दिवसांच्या अंतरानं तीच चाचणी पुन्हा. प्रत्येकाच्या दोन उत्तरांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढा, १.४१नं भागा. येईल तो आकडा म्हणजे तुमच्या हातची चूक. त्याहून लहान बदलावर एक ओळही लिहायची नाही. आरआरसीत हे मांडलंत तर निम्मे सदस्य गप्प होतील.

सोळाशेचं उत्तर देतो. हो, टाइम कमी होतो. पाच-सहा मिनिटांच्या धावेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजनवर तयार होते, पण ऑक्सिजनचा पुरवठा सुरुवातीला मागं असतो, त्याला वर यायला एक-दोन मिनिटं लागतात. आपली पोरं पहिल्या चारशेत जीव काढतात आणि तिसऱ्या फेरीला "सर, दम लागुलालाय" म्हणून कंबर धरतात. पुढच्या वेळी चारी फेऱ्यांचे टाइम वेगवेगळे लिहायला लावा आणि शेजारी तुमचा तो आलेख ठेवा. पोरं स्वतःच सांगतील कुठं चुकतंय. आणि हात जोडून विनंती, 'लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळं दुसऱ्या दिवशी पाय दुखतात' हे शिकवू नका. वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जागेवर येतं, शिवाय स्नायू आणि हृदय ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः उतरताना, खाली ठेवताना ताणल्या गेलेल्या स्नायूंचं असतं. प्रश्नपत्रिकेत अजून जुनंच उत्तर धरतात हे मला ठाऊक आहे, पोरांना दोन्ही सांगा.

राहिला यंत्रमाग. मॅडम, हाच घ्या. शारीरिक शिक्षणात बसतो का म्हणून विचारणाऱ्याला सांगा की स्टेप टेस्टवाला ब्रूहा पुढं कारखान्यांतल्या कामगारांकडंच गेला. काम थांबल्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात नाडी मोजायची एवढीच त्याची पद्धत. पहिली नाडी ११०च्या आत आणि तिसरी तिच्याहून निदान दहानं उतरलेली असेल तर शरीराला काम झेपतंय, हा त्याचा ढोबळ निकष. खर्च शून्य. अण्णांनी मजुरीचं सांगितलंय ते ध्यानात ठेवून चहाच्या किंवा जेवणाच्या सुट्टीला धरा.

आणि आपल्याच देशातलं उदाहरण द्या. बंगालमधल्या जूट गिरणीत झाँ मायर आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली आहार, वजन आणि कामाचा जडपणा यांचा मेळ घातला. हलकं ते अतिजड काम करणाऱ्यांमध्ये जसं काम तसा आहार, वजन जवळपास सारखं. पण बसून असणारे कारकून-दुकानदार हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानंही जास्त होते. भूक कामाच्या मागं चालते, पण एका पातळीच्या खाली काम गेलं की ती चालत नाही, असा त्याचा अर्थ. जगभरच्या पुस्तकांत हा आलेख आहे आणि तो एका गिरणीतून आलाय. तुमच्या घरात मागवाला आणि विडीवाली दोन्ही आहेत. आणखी काय पाहिजे?

पहाटेचा शिट्टीवाला

मास्तर, फेऱ्यांचं पटलं. उद्यापासून लिहून घेतो. एक विचारायचं होतं. आमची काही पोरं वजन उतरावं म्हणून एप्रिलमध्ये रेनकोट घालून पळुलालेत. सांगून ऐकत नाहीत. दोन किलो उतरलं म्हणून फोटो टाकतात.

जुनाट मास्तर

दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी, माठ गाठला की परत. चरबी त्यात चिमूटभर. घाम अंगावरून उडाला तरच थंडावा मिळतो, लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. रेनकोटात तो उडत नाही, नुसता वाहतो. पाणीही गेलं आणि उष्णताही आत राहिली. काटा घेऊन त्यांच्यापुढंच दाखवा, पळण्याआधी, पळाल्यावर आणि पाणी पिऊन झाल्यावर. आणि ज्याला असंबद्ध बोलायला लागलं, पाय लटपटायला लागले, त्याला आधी सावलीत घेऊन अंगावर बर्फाचं पाणी, मग रिक्षा. उलट क्रम करू नका.

वॉर्डातून

मी फिजिऑलॉजीत एम.डी., सोलापुरातच असते. मास्तरांचं बहुतेक सगळं मान्य, पण यंत्रमागाच्या बाबतीत ते घाईत पुढं गेलेत, म्हणून लिहितेय.

नाडीवरून कामाची मेहनत काढायची तर एक मोठा सापळा आहे. गार हवेत नाडी आणि ऑक्सिजनचा वापर हातात हात घालून वाढतात. गरम शेडमध्ये तसं नसतं. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडं वळतं, घामामुळं रक्तातलं पाणी घटतं, म्हणून तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके घ्यावे लागतात. त्यावरून तुम्ही कॅलरी काढल्यात तर वडील मैदानी खेळाडूइतके राबतात असं उत्तर येईल आणि ते खोटं असेल. ते राबतात, पण त्या नाडीतला मोठा हिस्सा उष्णतेचा आहे.

हा हिस्सा वेगळा काढायची सोय सोलापूरची हवाच करून देते. तोच कामगार, तेच माग, तीच पाळी, एकदा गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास जानेवारीत आणि एकदा एप्रिलअखेर. कामाचा वेग सारखा आहे हे दाखवायला टॉवेलचे नग आणि तुटलेले धागे मोजून ठेवायचे. नाडीत जो फरक पडेल तो बराचसा उन्हाळ्याचा. मार्चमधल्या पहिल्या गरम आठवड्यात मात्र मोजू नका. उष्णतेला शरीर सरावायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. सरावाच्या आधीची आणि नंतरची माणसं एकत्र केलीत तर आकड्यांची खिचडी होईल.

शेडचं तापमान म्हणजे नुसता पारा नाही. मागवाले अण्णांनी वर एक वाक्य लिहिलंय ते या धाग्यातलं सगळ्यात किमती वाक्य आहे. बाहेर सावलीत चाळीस अंश असताना हवा कोरडी असते, घाम दिसायच्या आत उडतो. शेडमध्ये धाग्यासाठी पाणी मारलं की पारा एक-दोन अंशांनी उतरतो आणि घाम उडायचा थांबतो. यासाठी डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक वापरतात, १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या सरावात माणसं कोसळायला लागली त्यातून तो आला. छताखाली ओल्या बल्बचं (ओली चिंधी गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान गुणिले ०.७ अधिक काळ्या गोळ्यातलं (काळा रंग दिलेल्या पोकळ धातूच्या गोळ्यात सोडलेल्या थर्मामीटरचं) तापमान गुणिले ०.३. हिशोबापुरतं धरा की बाहेर सावलीत ओला बल्ब २२ आणि गोळा ४०, उत्तर २७.४. शेडमध्ये ओला बल्ब २७ आणि गोळा ३८, उत्तर ३०.३. पारा शेडमध्ये कमी, जाच शेडमध्ये जास्त. तुमच्या वडिलांना हे माहीत आहे, आरआरसीला आकड्यांत सांगावं लागेल.

आता थोडं कटकटीचं. एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) मंजुरीशिवाय एकाही माणसाची नाडी धरू नका. तुमच्या महाविद्यालयात कमिटी नसेल तर विद्यापीठाकडं किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडं विचारणा करा, वेळ लागतो, आजपासून लागा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना वाचा. संमतीपत्र मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये लागेल. पूर्वभागात फक्त मराठीतलं पत्र म्हणजे अंगठा घेणंच. मालकानं 'हे दहा जण घ्या' म्हणून माणसं पुढं केली तर ती संमती मोकळी नव्हे. घरी जाऊन, पाळीबाहेर विचारा. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, फक्त ती कमिटीनं आधी मंजूर केलेली हवी. आणि मोजताना कुणाचं ब्लडप्रेशर १८० निघालं तर पुढं काय, हे आधी लिहून ठेवा. 'नोंद घेतली' एवढ्यावर सुटका नाही.

शेवटचा मुद्दा. आज मागावर जे आहेत ते टिकलेले आहेत. ज्यांना झेपलं नाही ते केव्हाच रिक्षाकडं किंवा वॉचमनकीकडं गेले, त्यामुळं तुमचा नमुना खऱ्यापेक्षा ठणठणीत दिसेल. लंडनच्या बसवर १९५३ साली प्रसिद्ध झालेला मॉरिस यांचा अभ्यास सगळे शिकवतात, ड्रायव्हरपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. पण त्याच गटानं तीन वर्षांनी गणवेशाच्या मापांवरून दाखवलं की ड्रायव्हरांच्या कंबरा मुळातच मोठ्या होत्या. हा दुसरा भाग आपल्याकडं वर्गात येत नाही. तुमच्या वर्गात तो आणा, आणि प्रबंधात काम सोडून गेलेल्या निदान काही माणसांशी बोला.

आईबद्दल वेगळं. विडी वळणाऱ्या बायकांत आधी हिमोग्लोबिन बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. बाराची बाई आणि नऊची बाई बाकावर चढवलीत तर फरक बसून राहण्याचा दिसणार नाही, लोहाचा दिसेल.

तासिकावाली

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मास्तर, ३७ आणि ३८चं गणित आज वर्गात करून बघितलं. दोघं पोरं अजून बोलत नाहीयेत एकमेकांशी. डॉक्टर, आईचा विषय मग आत्ता बाजूला ठेवते, दोन्ही एकत्र घेतले तर पसारा होईल हे कळलं. जानेवारी-एप्रिलची कल्पना घरी वडिलांना सांगितली. ते म्हणाले, जानेवारीत ऑर्डर जास्त असते, माग जोरात चालतात, एप्रिलमध्ये माल उठत नाही म्हणून पाळ्या कमी. म्हणजे कामाचा वेग सारखा राहणार नाही. आता काय करू? आणि तो काळा गोळा कुठं मिळतो? ऑनलाइन किंमत बघितली, माझ्या सीएचबीच्या बिलाचं काही खरं नसतं.

वॉर्डातून

वडिलांना सहमार्गदर्शक करा. गंमत सोडा, मुद्दा पक्का आहे. मग ऋतूंची तुलना एकटी पुरणार नाही. एप्रिलमध्येच एका दिवसात दोनदा मोजा, सकाळच्या पाळीच्या दुसऱ्या तासाला आणि दुपारी तीनच्या सुमारास, प्रत्येक वेळी सारख्याच संख्येचे माग चालू असताना. नग दोन्ही वेळी मोजा. जानेवारीची मोजणी जोडीला ठेवा, पण नगांच्या हिशोबानं समायोजन करून. दुपारच्या नाडीत जेवणाचा आणि थकव्याचा वाटा येतो, तेव्हा जेवणानंतर निदान दीड तास जाऊ द्या. काही कामगारांना बसल्याजागी अर्धा तास त्याच शेडमध्ये ठेवून त्यांचीही नाडी घ्या. काम नाही, फक्त उष्णता, असा तो आधारबिंदू होईल.

जुनाट मास्तर

बाईंनी मला घाईत पुढं गेलात म्हटलं ते खरं नाही, मी मुद्दाम थांबलो होतो, त्या येणार हे माहीत होतं.

गोळ्याचं सांगतो. पहिल्यांदा हे ज्यांनी केलं त्यांनीसुद्धा पाण्याच्या टाकीतला सहा इंची तांब्याचा फ्लोटच वापरला होता. आता टाक्यांना प्लॅस्टिकचे बॉल असतात, पण भंगारवाल्याकडं जुना तांब्याचा अजून मिळतो. चेपलेला घेऊ नका. दांडीच्या भोकातून रबरी बूच बसवून थर्मामीटर असा सोडा की बल्ब बरोबर मध्यावर येईल. बाहेरून काळा रंग, पण चकचकीत ऑइलपेंट नव्हे, फळ्याला मारतात तो. टांगल्यावर वीस मिनिटं हात लावू नका, तोवर आकडा स्थिर होत नाही. ओल्या बल्बला मलमलची जुनी चिंधी, धुऊन खळ काढलेली, आणि तिचं टोक शुद्ध पाण्याच्या बाटलीत. नळाचं पाणी वापरलंत तर आठवड्यात क्षार बसून चिंधी कडक होईल, आणि तसंही ते काही दिवसांआडच येतं. दोन्ही थर्मामीटर आधी वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतात का बघा, न दाखवल्यास किती चुकतात ते त्यांच्यावरच चिकटपट्टीनं लिहून ठेवा.

डायनॅमोमीटर मात्र निर्लेखित करून टाका. त्याचा प्रस्ताव कसा लिहायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

मागवाले अण्णा

तांब्याचा फ्लोट आमच्या जुन्या शेडच्या टाकीत आहे. काढून ठेवतो. आणि सकाळी मोजायला येणार असाल तर पाळी बदलायच्या आधी या, मग दारातच सगळे भेटतात, मालक अजून झोपलेला असतो.